काय पडलं?

तो आवाज झाला तेव्हा माझी मान खाली होती. मांडीवर कार्यक्रमपत्रिका होती आणि पुढची रचना कोणाची, एवढंच मला बघायचं होतं. समोर तिघं वाजवत होते: क्लॅरिनेट, व्हायोलिनहून जरा मोठा असा व्हायोला आणि पियानो. हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी कुर्तागची 'ओमाज आ आर. श.', म्हणजे जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमनला वाहिलेली, ही १९९० सालची रचना. सहा भाग. पहिले पाच पापणी लवावी तसे येऊन गेले आणि सहावा एकदम संथ, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा. त्या संथपणात माझं लक्ष सैल झालं. सूर विरत चालले होते, सभागृहात शांतता उतरायला लागली होती, आता संपलंच असं वाटून मी पत्रिका उघडली. तेवढ्यात कुठूनतरी एक आवाज आला. मोठा नव्हता. खोल, बोथट, कापडात गुंडाळल्यासारखा. दोन भिंतींपलीकडे कोणी जड दार हलकेच ओढून घ्यावं तसा. मी चमकून वर पाहिलं तर तिघंही पुतळ्यासारखे. मग टाळ्या. शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या, त्यांना मी विचारलं, "मागे काय पडलं हो?" त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "पडलं नाही काही. ड्रम वाजवला ना त्यांनी."

क्लॅरिनेटवादकाच्या शेजारी एक भलामोठा बास ड्रम पहिल्यापासून उभा होता. मी आत आले तेव्हाच तो मला दिसला होता. पण त्याच्यामागे कोणी माणूस नव्हता, म्हणून मी समजून चालले की तो नंतरच्या एखाद्या रचनेसाठी आणून ठेवला असणार. सगळी रचना संपत आल्यावर क्लॅरिनेटवादक आपलं वाद्य बाजूला ठेवतो, काठी उचलतो आणि त्या ड्रमवर एक ठोका देतो. एकच, तोही हळू. आणि मी नेमकी तेव्हाच खाली बघत होते.

घरी येताना ते मनातून जाईना. चुकलेली गोष्ट तशी क्षणाचीच होती, आणि आवाज तर मी ऐकलाच होता. कान काही बंद नव्हते. पण तो आवाज संगीताचा आहे हे मला कळलं नाही, याचा सल राहिला. दहा मिनिटं ज्या तीन जागांवरून सूर येत होते, त्या तीन जागा सोडून चौथीकडून काही येईल याची माझ्या कानांनी तयारीच ठेवली नव्हती. इतकी वर्षं मी असल्या लहान, विचित्र जुळण्यांचं संगीत शोधून शोधून ऐकते आहे. चार वाद्यं, तीन वाद्यं, कधी दोनच. आणि तीही एकमेकांच्या शेजारी कधी बसली नसतील अशी. त्यांचं ऐकणं म्हणजे कुठूनही काहीही येऊ शकतं याची सवय, असं मी स्वतःला सांगत आले होते.

अशा जुळण्या होतात कशा, हा प्रश्न मला पहिल्यांदा फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँच्या चौकडीमुळे, म्हणजे चार वाद्यांच्या रचनेमुळे, पडला. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो. ही चार वाद्यं कोणी विचारपूर्वक निवडलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ग्योर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत जी माणसं होती, त्यांना जे वाजवता येत होतं, ते हे. आधी फक्त तिघांसाठी एक छोटा भाग लिहिला गेला, कारण पियानोच नव्हता. पुढे पियानो मिळाला. तोही उभा, बेसूर, पट्ट्या दाबल्यावर अडकून बसणारा. १५ जानेवारी १९४१ ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, छावणीतल्या एका बराकीत ती रचना पहिल्यांदा वाजली. या प्रसंगाभोवती पुढे बरीच दंतकथा साचली. चेलोला तीनच तारा होत्या असं मेसियाँ सांगत राहिले. चेलोवादक एत्येन पास्किये मात्र जन्मभर म्हणत राहिले की चारही होत्या. श्रोत्यांचा आकडा मेसियाँच्या आठवणीत हजारांवर गेला, बराकीत मावले असतील काही शे. मला ही विसंगती खटकत नाही. चेलोवादकाला तारा मोजायच्याच असतात, त्याची बोटं तिथे असतात. रचनाकाराला मात्र त्या रात्री काय कमी होतं आणि काय अफाट होतं, तेच आठवत राहिलं असेल.

क्लॅरिनेटवादक होते आँरी आकोका. तिसरा भाग सबंध त्यांचा एकट्याचा, पक्ष्यांच्या दरीचा. त्यात काही सूर असे आहेत की ते शून्यातून सुरू होतात आणि वाढत वाढत वाद्याच्या अंतिम ताकदीपर्यंत जातात. सूर तोच, एकच, फक्त फुगत जाणारा. हा भाग छावणीत पोचण्याच्याही आधी लिहिला गेला होता. कैदी एका उघड्या माळावर ठेवलेले असताना आकोकांनी तो पहिल्यांदा वाचून पाहिला, आणि पास्किये कागद धरून समोर उभे राहिले. माणसाचं म्युझिक स्टँड. हे असलं आपल्याला वाजवता यायचं नाही अशी तक्रार आकोकांनी तेव्हा केली होती म्हणतात. पुढे ते धावत्या आगगाडीवरून उडी मारून पळाले तेव्हा क्लॅरिनेट त्यांच्या काखेत होतं. हा तपशील मी जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा माझा हात नकळत कुशीकडे जातो.

पण त्या चौकडीतली मला सगळ्यात जवळची जागा वेगळीच आहे. सहावा भाग. त्यात चौघं मिळून एकच ओळ वाजवतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्वरांची जोड नाही, साथ नाही, कोणी वर कोणी खाली असं नाही. सगळे तेच सूर, त्याच वेळी. कागदावर बघितलं तर याहून सोपी एकी नसेल. आणि ऐकायला लागलं की कळतं, हे चौघं एक होतच नाहीत. पियानोचा सूर हातोडी पडताक्षणी मरायला लागतो. क्लॅरिनेटचा मागे उरतो. चेलोच्या तारेत गजाचं खरखरणं असतं, व्हायोलिनला वर चढल्यावर धार येते. एकच वाक्य चार जण एका दमात बोलताहेत, आणि चौघांचे गळे वेगळे ओळखू येतात. एकाच जातीच्या चार वाद्यांनी हीच ओळ वाजवली तर ती कदाचित जास्त देखणी होईल. पण मग ही भीती तिच्यात उरणार नाही.

मी लहानपणी व्हायोलिन शिकले. फार पुढे गेले नाही, पण काही वर्षं आमचा चौघांचा गट होता: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. आमच्या शिक्षिका फार शिस्तीच्या. "कोण वाजवतंय ते मला ऐकू येता कामा नये," असं त्या म्हणायच्या. चार वाद्यांतून एकच सोळा तारांचं वाद्य निघालं पाहिजे. आम्ही गज एकाच दिशेने, एकाच लांबीचा ओढायला शिकलो. मग व्हायोला वाजवणारी मुलगी गाव सोडून गेली. कार्यक्रम तोंडावर आलेला, दुसरं कोणी मिळेना. शेवटी बाईंनी बासून हे फुंकायचं वाद्य वाजवणारा एक मुलगा आणून बसवला. उंच, लाजरा, सतत रीड तोंडात धरून भिजवत असलेला. व्हायोलाची लिपी वेगळ्या चावीत असते, ती त्याला वाचता येईना; म्हणून त्यानं आपल्या हातानं सगळा भाग नव्यानं लिहून काढला. वर जाणाऱ्या दोन-तीन जागा सप्तकभर खाली आणल्या. पहिल्या तालमीत त्याचा पहिला सूर आला आणि आम्ही तिघी थांबलो. आमच्या मधोमध कोणीतरी माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं. तो सूर चुकला नव्हता. पण लाकडाचा, थुंकीचा, छातीचा होता.

आणि तो श्वास घेत होता.

हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. तारेच्या वाद्याला दम लागत नाही. गज संपला की उलटा फिरवायचा, सूर पुढे चालू. वाक्य हवं तेवढं लांबवता येतं. त्या मुलाला मात्र मधे थांबावं लागायचं, आणि सुरुवातीला तो चोरून थांबायचा, आम्हाला कळू नये असं. त्यामुळे त्याचा चेहरा लाल व्हायचा आणि सुराचा शेवट थरथरायचा. बाईंनी हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, जिथे दम लागतो तिथे खूण कर. त्यानं कागदावर ओळीच्या वर पेन्सिलीनं स्वल्पविराम काढले. श्वासाची खूण स्वल्पविरामासारखीच असते. मग बाई आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, त्याचे स्वल्पविराम तुमच्या कागदांवर उतरवून घ्या. मी ते उतरवले. गज उचलायची गरज नसताना तिथे मी गज उचलू लागले. कार्यक्रम कसा झाला ते मला आठवत नाही, बहुधा बरा झाला असावा. पण ते स्वल्पविराम आठवतात. पुढे व्हायोला मिळाली, गट पुन्हा सोळा तारांचा झाला, आणि मला कित्येक महिने वाटत राहिलं की आपण दम न घेता बोलतो आहोत.

सुरात राहण्याचीही अशीच गोष्ट. सभागृह माणसांनी भरलं, दिवे तापले, की फुंकायच्या वाद्यातली हवा गरम होते आणि त्याचा सूर वर सरकतो. तारा मात्र उष्णतेनं सैल पडतात, त्यांचा सूर उतरतो. म्हणजे क्लॅरिनेट आणि व्हायोला एकत्र बसले की संध्याकाळभर ते एकमेकांपासून लांब जात राहतात. आणि मधे पियानो. तो हलूच शकत नाही. सकाळी लावला तिथेच. मग क्लॅरिनेटवादक वाद्याचा जोड किंचित ओढून नळी लांब करतो, ओठ सैल सोडतो. व्हायोला बोट केसभर पुढे टेकते. मला दिसलेल्या उत्तम वादकांचे डोळे अशा वेळी समोरच्या कागदावर नसतात. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कळूही नये. पण जे आपल्याला नुसतं जुळलेलं वाटतं, ते दर सुराला नव्यानं जुळवून आणलेलं असतं.

क्लॅरिनेट, व्हायोला, पियानो ही जुळणी कुर्तागची नाही, हे मला त्या संध्याकाळनंतर आणखी महत्त्वाचं वाटायला लागलं. १७८६ मध्ये मोझार्टनं ती केली. तेव्हा क्लॅरिनेट इतकं नवं होतं की रचना छापली गेली ती व्हायोलिनसाठी, आणि क्लॅरिनेट पर्याय म्हणून. व्हायोला त्यानं म्हणे स्वतः वाजवला, क्लॅरिनेट त्याच्या मित्रानं, अँटोन श्टाडलरनं, आणि पियानो त्याच्या एका विद्यार्थिनीनं. तिघंही ओळखीचे, एका खोलीत. मग ऑक्टोबर १८५३ मध्ये शूमननं त्याच तीन वाद्यांसाठी चार परीकथा लिहिल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवला, पण नंतर तो रुग्णालयातून घरी आलाच नाही. त्या परीकथा ऐकताना मला कधीकधी वाटतं की काय येणार आहे हे आपल्याला माहीत असल्यानं आपण उगाच त्यांच्यात सावल्या शोधतो. त्यातला बराच भाग खरोखर आनंदी आहे. व्हायोला आणि क्लॅरिनेट दोन्ही मधल्या उंचीचे आवाज. एकमेकांच्या अंगावरून जातात, पहिला कोण आणि दुसरा कोण हे क्षणभर कळत नाही.

कुर्तागनं शंभराहून जास्त वर्षांनी तीच तीन वाद्यं घेतली आणि त्यांच्यामधली ती जवळीक काढून घेतली. शूमननं आपल्याच मनातून उभी केलेली माणसं, फ्लोरेस्टान, युसेबियस, माइस्टर रारो, या भागांच्या नावांत पुन्हा येतात. पण ती आता अर्ध्या वाक्यात बोलतात. एक भाग सुरू होतो न होतो तोच संपतो. मग तो सहावा, पाचांना मिळून लागतो त्याहून जास्त वेळ घेणारा. त्याच्या नावात म्हटलंय की माइस्टर रारोला गिय्योम द माशो सापडतो, म्हणजे थेट चौदाव्या शतकातला संगीतकार. मागे मागे जात, शूमनच्याही पलीकडे, पार जुन्या अंधाराकडे. आणि तिथे पोचल्यावर क्लॅरिनेट खाली ठेवायचं. ज्या माणसाजवळ दहा मिनिटं श्वास होता, त्यानंच तो थांबवायचा आणि हातात काठी घ्यायची.

हे मी पाहिलं नाही. आता मात्र ते मला रोज दिसतं.

वाद्यं एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या बाबतीत रशियन संगीतकार गालिना उस्त्वोल्स्कायाच्या जवळपासही कोणी जात नाही. लेनिनग्राडमध्ये तिनं १९७०-७१ साली एक रचना लिहिली: पिकलो, टुबा आणि पियानो. पिकलो म्हणजे वाद्यवृंदातला सगळ्यात उंच, कानात सुई जावी तसा आवाज. टुबा पितळी वाद्यांचा तळ. या दोघांच्या मधे जी अख्खी इमारत असायला हवी, ती नाहीच. गच्ची आहे, तळघर आहे, जिने नाहीत. पियानो मधे बसलेला, पण तो जिना बनायला तयार नाही. तो मुठीनं आणि तळहातानं पट्ट्यांचे गठ्ठे दाबतो. रचनेच्या नावात शांतीची याचना आहे. त्यानंतरची रचना आठ डबल बास, एक पियानो आणि एक लाकडी खोका यांची. खोका म्हणजे खरोखर खोका, दर बाजूला ४३ सेंटिमीटर, त्यावर हातोड्यांनी मारायचं. आपल्या संगीताला चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं खोलीतलं संगीत, म्हणू नका, असं ती निक्षून सांगायची. वाजवणारे तीन असोत की दहा, तिच्या मते ते एका खोलीत मावणारं नव्हतं. मला तिचं संगीत आवडतं असं म्हणवत नाही. वर्षातून एकदाच मी ते लावते, घरात कोणी नसताना, आणि पूर्ण होईपर्यंत उभी असते. पण माझ्या शिक्षिकांचं वाक्य, कोण वाजवतंय ते ऐकू येता कामा नये, त्याला कोणी इतकं ठाम उत्तर दिलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आणि मग अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन. १९७८ ची 'व्हाय पॅटर्न्स?', बासरी, ग्लोकनश्पील (धातूच्या पट्ट्यांवर ठोके देऊन वाजवायचं वाद्य) आणि पियानो. तिघांचे सूर मऊ, तिघांची लय आपापली. तिघंही एका वेळी सुरू करतात, पण नंतर कोणी कोणासाठी थांबत नाही. प्रत्येकाच्या कागदावर फक्त स्वतःचा वेळ. बासरी आत्ता कुठे आहे हे पियानोला माहीत असायचं कारण नाही. त्यामुळे दर वेळी सूर वेगळ्या ठिकाणी एकमेकांना भेटतात किंवा चुकतात. ही रचना मी पहिल्यांदा नीट ऐकली ती वडील आजारी होते त्या हिवाळ्यात. दुपारी ते झोपायचे, मी त्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. हेडफोन एकाच कानात. दुसरा कान त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा लागायचा. ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात ठरावीक अंतरानं सुस्कारा सोडायचं. आई पलीकडच्या खोलीत कपाट आवरत असायची. त्या महिन्यांत तिनं एकच कपाट किती वेळा आवरलं असेल कोण जाणे. म्हणजे माझ्या एका कानात बासरी, ग्लोकनश्पील, पियानो आणि दुसऱ्या कानात यंत्र, लाकडी खण उघडल्या-मिटल्याचे आवाज, वडिलांचा श्वास. काही दिवसांनी मला ते वेगळे करता येईनासे झाले. ग्लोकनश्पीलचा एक थेंब पडायचा आणि यंत्र सुस्कारायचं, आणि वाटायचं की हे असंच लिहिलंय.

त्या घरात आम्ही तिघंही आपापल्या वेळात राहत होतो. आईचा वेळ मागचा होता, ती पूर्वीचं काहीतरी शोधत असायची. वडिलांचा फार लहान, एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतचा. माझा सगळा पुढचा, मनात मी नको त्या तयारीला लागलेली असायचे आणि त्याची मला लाज वाटायची. आम्ही एकमेकांवर चिडत नव्हतो, एकमेकांना टाळतही नव्हतो. फक्त कोणाचा सूर कोणाच्या सुरावर पडत नव्हता. 'व्हाय पॅटर्न्स?'च्या अगदी अखेरीस, शेवटच्या थोड्या मिनिटांत, फेल्डमननं तिघांना एका मापात आणलंय. इतका वेळ सुटे फिरलेले तिघं अचानक एकमेकांच्या पावलात पाऊल टाकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घशात आवंढा आला. नंतर नंतर त्या जागेचा मला राग यायला लागला. मी शेवट येण्याआधी बंद करायचे. आमच्याकडे तसं काही घडलं नाही. वडील एका पहाटे गेले तेव्हा आई झोपलेली होती आणि मी पाणी आणायला उठले होते. परत आले तर यंत्र चालू होतं.

तेव्हाही माझी पाठ वळलेली होती. ड्रमच्या त्या ठोक्यानंतर कितीतरी दिवसांनी हे माझ्या ध्यानात आलं, आणि मग तो ठोका का टोचत राहिला तेही. दोन्हींची तुलना होत नाही. एक संगीत आहे, पुन्हा वाजतं.

म्हणून पुन्हा वाजलं तेव्हा मी गेले. वादक दुसरे, सभागृह लहान, खुर्च्या रंगमंचाच्या इतक्या जवळ की व्हायोलाच्या गजाचे तुटलेले दोन केस लोंबताना दिसत होते. ड्रम दिसेल अशी जागा मी धरली. पत्रिका पिशवीत. पहिले पाच भाग गेले. पाचांतही मी अर्धं लक्ष ड्रमवर ठेवून होते, आणि त्यामुळे ते मला धड ऐकू आले नाहीत हे कबूल केलं पाहिजे. मोझार्टच्या वेळेपासून एका खोलीत बसत आलेली ती तीन वाद्यं, आणि मी मात्र चौथ्याकडे डोळे लावून. सहाव्यात थोडी सावरले. संथ, पुन्हा तेच पाय ओढत जाणं. क्लॅरिनेटवादक बाई होत्या या वेळी. त्यांच्या फुंकरीचा आवाज सुराच्या आधी यायचा, मग सूर, मग सूर गेल्यावर उरलेली फुंकर. पियानो खाली खाली जात होता. एका क्षणी बाईंनी क्लॅरिनेट ओठांवरून काढलं आणि मांडीवर नाही, खाली जमिनीवरच्या खुंटीवर उभं केलं, अगदी सावकाश, धातूचा आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी. वाकून काठी घेतली. काठीचं टोक मऊ लोकरीचं, मोसंब्याएवढं. त्यांनी ड्रमकडे पाहिलं नाही. त्या पियानोवादकाकडे बघत होत्या.

ठोका पडला तो मला आधी दिसला आणि मग ऐकू आला. मागच्या वेळेपेक्षा लहान वाटला. दाराचा आवाज नव्हता तो, ड्रमचाच होता. कातडं हललेलं दिसत होतं. मला थोडं रितं वाटलं. ज्या आवाजासाठी मी इतके महिने थांबले होते तो हा नव्हता. तो मागच्या वेळी, न बघता, एकदा येऊन गेला होता. मग माझं लक्ष व्हायोलाकडे गेलं. तिचा शेवटचा सूर केव्हाच संपला होता, तरी तिनं गज खाली घेतला नव्हता. तारेपासून बोटभर वर, हवेत, तसाच धरलेला. हाताला कंप होता. पियानोवादकाचा पाय अजून पेडलवर होता आणि आतल्या सगळ्या तारा मोकळ्या. ठोक्याची हवा त्यांना लागली असणार, कारण पियानो कोणी न वाजवता अगदी खालून गुणगुणत होता. ते थांबेपर्यंत तिघांपैकी कोणी हललं नाही. मीही नाही.